हाक न मारणारा माणूस

ओगिसावा, ६ मार्च १९९०

चि. तामिए,

पत्राच्या आरंभी ऋतूची विचारपूस करावी असा आपल्याकडचा शिष्टाचार. देवळातल्या माणसानेच तो मोडला तर बाकीच्यांनी कोणाकडे पाहायचं? तेव्हा कळवतो की बर्फ अजून देवळाच्या छपरावर आहे आणि कालपर्यंत फावडं घेऊन मीही छपरावरच होतो. त्सुयाको खाली उभी राहून उपदेश करत होती. संसारात पुरोहित नेमका कोण, हा प्रश्न मला लग्नापासून पडलेला आहे.

खाली उतरल्यावर तुझं पत्र वाचलं. तू दोन कामं सांगितली आहेस. ऑगस्टमध्ये तुझ्या सिनेमासाठी नगरभवनाचं सभागृह मिळवायचं, हे पहिलं. आतोबांना बोलतं करायचं, हे दुसरं. पहिल्या कामासाठी मी अर्ज केला आहे. दुसरं सांगताना तू मला भावाऐवजी बोधिसत्त्व समजलीस की काय, अशी शंका येते.

तरी गेलो होतो. तुझे वडील कोतात्सूत, म्हणजे शेगडीच्या उबदार मेजाखाली, पाय घालून मुळ्याच्या पानांचं लोणचं खात बसले होते. म्हटलं, आतोबा, तामिएचा सिनेमा पुरा झाला. त्यांनी विचारलं, त्यात गाणी आहेत का. म्हटलं, नाहीत. मारामारी? म्हटलं, आहे, पण तोंडी. यावर ते म्हणाले की गाणी नाहीत आणि मारामारी तोंडी, असला सिनेमा आपल्या इथल्या पंचायतीत रोज फुकट पाहायला मिळतो.

मी नेट धरला. सांगितलं की तीन वर्षं ती आपल्या भागातल्या म्हाताऱ्या शिपायांच्या दारोदार हिंडली आहे. उत्तर चीनमधल्या एका खेड्यात बेचाळीसच्या हिवाळ्यात आपल्या पलटणीने काय केलं, ते तिने त्यांच्याच तोंडून वदवून घेतलं आहे. सरकार म्हणतं, अशी नोंद सापडत नाही. शाळेच्या पुस्तकात 'आक्रमण' खोडून 'आगेकूच' लिहितात. तुम्ही त्याच पलटणीत होता, तेव्हा तिला वाटतं, तुम्हीही दोन शब्द बोलावे.

"मी भात शिजवत होतो," ते म्हणाले. "युद्ध बाकीच्यांनी केलं."

मग माझ्यापुढे लोणच्याची बशी सरकवली. लोणचं उत्तम होतं. आत्या जाऊन सात वर्षं झाली, पण तिचा हात त्यांनी उचलला आहे. याहून अधिक काही हाती लागलं नाही.

तुझा,
शोगेन

*

तोक्यो, १९ मार्च

शोगेनदादा,

तू लोणचं खाऊन आलास. माझ्या बापाला भेटणारा प्रत्येक जण लोणचं खाऊन परत येतो.

भात शिजवत होतो! हे वाक्य मी सहा वर्षांची होते तेव्हापासून ऐकते आहे. सगळ्या देशाचं काय ते नंतर बोलू, आमच्या घरात सरकार एकच होतं आणि त्याचा खुलासाही एकच: तसं काही झालंच नाही, आणि झालं असेल तर मी स्वयंपाकघरात होतो. म्हणून तुला उशियामा काय म्हणाला ते लिहिते. म्हणजे मी कशासाठी हट्ट धरला आहे ते तुला कळेल.

उशियामा इथून तासाभराच्या गावात टोफू विकतो. बाबांच्याच तुकडीतला. दोन वर्षं मी त्याच्या दुकानात गेले, टोफू घेतला, परत आले. मग एका सकाळी तो स्वतःच म्हणाला, लाव तुझं यंत्र. बोलला ते हे.

"माणसं घळीत भुयारं खणून लपली होती. शोधून सापडेनात. मग संध्याकाळी खळ्यावर मोठा जाळ केला. त्यांचीच बाजरी त्यांच्याच कढईत शिजत घातली. आमच्यातल्या एकाला त्यांच्या भाषेतले चार शब्द येत होते, त्याला जाळापाशी उभं केलं. या, जेवा, काही होणार नाही. एवढंच तो म्हणत राहिला. आवाज फार चांगला होता त्याचा. माणसं आली. आधी म्हाताऱ्या, मग पोरं कडेवर घेतलेल्या बाया. सगळ्यांना तिथंच मारलं. कोणाच्या पोटात घासही गेला नव्हता."

मी विचारलं, हाक मारणारा कोण. त्याने टोफूवर ओलं फडकं घातलं आणि म्हणाला, "ते नाही सांगणार. तो जिवंत आहे."

बाबांना तो माणूस ठाऊक आहे, दादा. तुकडी केवढी ती, आणि त्यात चिनी बोलणारे असे किती असणार? ते त्याला पाठीशी घालतात. आणि घालतात म्हणजे काय, त्याच्याबरोबर सगळ्यालाच.

तुला वाटेल मी बापावर उगाच दात धरते. तूच सांग, ओबोनच्या पहिल्या संध्याकाळी गल्लीतल्या दारोदारी भूर्जाची साल पेटते, पोरंसोरं पितरांना नावं घेऊन बोलावतात. आमचंच दार तेवढं अंधारात असायचं. आई गेली त्या वर्षीही. तिचं पहिलंच ओबोन, आणि या गृहस्थाने तिच्यासाठी मूठभर साल पेटवली नाही! मी पेटवायला बसले तर त्यांनी पाण्याची बादली आणून माझ्यासमोर ठेवली, काही न बोलता.

आणखी एक, हसू नकोस. माझ्या मैत्रिणींचे वडील संध्याकाळी दारात उभे राहून ओरडायचे, अगं ए, जेवायला चल. बाबांनी मला जन्मात हाक मारली नाही. मी ओढ्यापलीकडे खेळत असले तरी ते तिथवर चालत यायचे आणि बाही ओढायचे. मला वाटायचं, माझं नाव घ्यायची यांना लाज वाटते.

तामिए

*

ओगिसावा, ४ मे

चि. तामिए,

चेरी आमच्याकडे परवा फुलली आणि काल पावसाने झोडपली. ऋतू संपला. आता काम.

उशियामाचं बोलणं वाचून उत्तर द्यायला इतके दिवस लागले. कारण विचारू नकोस. दोन दिवस जेवण गेलं नाही, एवढं त्सुयाको तुला सांगेलच.

सभागृह मिळालं होतं, आणि गेलं. नगरभवनाच्या व्यवस्थापकाने बोलावून फार अदबीने सांगितलं की ऑगस्टमध्ये छताची दुरुस्ती निघाली आहे, भेग पडली आहे. मी मान वर करून पाहिलं. त्यानेही पाहिलं. छताला काही झालेलं नव्हतं. आम्ही दोघांनी एकमेकांना नमस्कार केला आणि निरोप घेतला. नंतर कळलं, त्याला अनोळखी माणसांचे फोन येत होते. आणि गेल्या रविवारी कर्णा लावलेली, कडव्या राष्ट्रभक्तांची ती काळी गाडीही येऊन गेली, पलटणीची गाणी वाजवत. आमच्या गावात वाजतगाजत काही येतच नाही, त्यामुळे म्हाताऱ्या कौतुकाने बाहेर येऊन उभ्या राहिल्या.

मग मी म्हटलं, आपल्या देवळाचं मोठं दालन आहे की. तेरा ऑगस्टला दुपारी प्रेतांना, म्हणजे भुकेल्या, अतृप्त आत्म्यांना अन्न द्यायचा विधी असतो, तो आटोपला की त्याच ठिकाणी चादर टांगू. ज्यांचं कोणी मागे नाही, ज्यांना नाव घेऊन कोणी बोलावत नाही, अशांना जेवू घालायचा तो दिवस. तुझ्या सिनेमातल्या माणसांना याहून योग्य दिवस पंचांगात नाही. आमचे संस्कृतचे गुरुजी सांगत, ओबोन म्हणजे मूळचं 'उल्लंबन', उलटं टांगलेलं असणं. भुकेली प्रेतं तशी लोंबत असतात म्हणे. तेव्हा आम्ही विद्यार्थी हसायचो. आता वाटतं, लोंबतंय कोण ते गुरुजींनी स्पष्ट करायला हवं होतं.

हे कळताच आमचे कारासावा-सान आले. तुला आठवत असतील, साके म्हणजे तांदळाची दारू गाळणारे, देवळाच्या यजमानमंडळींचे प्रमुख. मूड बरा नव्हता, कारण साकेची बाटली आणली आणि उघडली नाही. म्हणाले, "माझा थोरला भाऊ त्या पलटणीत गेला, परत आला नाही. त्याच्या नावाची स्मरणपाटी तुमच्या दालनात आहे. त्याच्या समोर चादर लावून तुम्ही दाखवणार की तो खुनी होता?" मी म्हटलं, तो होता की नव्हता ते सिनेमात नाही. ते म्हणाले, "तेच तर. नाही म्हणून सांगितलेलं नाही." आणि बाटली परत घेऊन गेले. मला त्यांचा राग आला नाही. बाटलीचा थोडा आला.

आता तुझ्या तक्रारीविषयी. साल न पेटवण्याबद्दल मीही दर वर्षी आतोबांना छेडतो. ओबोनला घरोघर सूत्रं म्हणायला मोटरसायकलवरून फिरतो तेव्हा त्यांच्या दाराशी थांबून म्हणतो, आतोबा, ज्या भूर्जावर भारतातल्या पंडितांनी शास्त्रं लिहिली ते भूर्ज आपल्या डोंगरात फुकट मिळतं, तेवढंही जाळवत नाही का? ते म्हणतात, "माझी माणसं वाट ओळखतात." मी तो अश्रद्धेचा थाट समजत आलो. मुळात थाटाचा माणूस तो. आई सांगायची, लग्नाआधी ओबोनच्या नाचात मधल्या माचावर उभं राहून गायचे ते. पाच गावांत तसा गळा नव्हता. आत्या त्या गळ्यालाच भाळली. तिला मिळाला तो मात्र युद्धावरून आलेला मुका नवरा.

गाणारी माणसं थकली की असंच करतात. त्याला पापाचा वास लावू नकोस.

शोगेन

*

तोक्यो, १२ मे

दादा,

देवळासाठी आभार. पितरांच्या दिवशी प्रेतांच्या जेवणानंतर माझा सिनेमा. हे तुलाच सुचू शकतं.

बाबा गात होते? मला हे कोणी कधी सांगितलं नाही.

एक गोष्ट कळवते. परवानगी मागत नाही. उशियामाने मला एक फोटो दिला आहे. तुकडी खळ्यावर उभी आहे, मागे कढई, आणि कढईशेजारी बाबा. हातात पळी आहे, म्हणजे भात शिजवत होते हे खरंच. पण त्या खळ्यावर होते. उशियामा "तो जिवंत आहे" म्हणतो तिथे मी तो फोटो घालणार आहे, आणि बाबांच्या चेहऱ्यावर थांबणार आहे. खाली नाव नाही, काही नाही. त्यांच्या गावात, त्यांच्या देवळात, त्यांच्या शेजाऱ्यांसमोर. मग सांगू देत, मी नव्हतो म्हणून.

शाळेच्या पुस्तकाशी मी भांडू शकत नाही. घरातल्या पुस्तकाशी तरी भांडेन.

तामिए

*

ओगिसावा, २ जुलै

चि. तामिए,

पावसाळा लागला आहे. देवळातल्या लाकडी पाट्यांना बुरशी येते. त्यांच्यावर मी सिद्धम् लिपीत संस्कृत बीजाक्षरं लिहितो. ती वाचणारा गावात मी एकटा, त्यामुळे चूक काढणाराही मी एकटा. या एकाधिकाराचा मला अभिमान होता. हल्ली वाटतं, वाचणारं कोणी नसलं की माणूस काहीही लिहू शकतो, आणि काहीही लिहायचं टाळूही शकतो.

आतोबा परवा देवळात आले. आपण होऊन, घरात कोणी मेलेलं नसताना. हे असं मला आठवत नाही. भिजलेली छत्री दाराशी न ठेवता हातात घेऊनच बसले. विचारलं, सिनेमा नक्की दाखवणार का. म्हटलं, हो. कारासावा नाही म्हणतोय ना? म्हटलं, म्हणतात, पण चटया मांडायला माणसंही तेच पाठवणार आहेत. ते थोडे हसले. मग म्हणाले, "मी येईन. ती असेल तर येणार नाही."

मी म्हटलं, आतोबा, सिनेमा तिचा आहे.

"म्हणूनच," ते म्हणाले.

जाताना दारात उभे राहून त्यांनी मला एक प्रश्न विचारला. मी त्याचं उत्तर दिलं. तो प्रश्न तुला कळवावा की नाही यावर मी विचार केला, आणि आज कळवायचा नाही असं ठरवलं. तू चिडशील. चीड. पण दोन गोष्टी कर. तेराला येऊ नकोस. आणि तो फोटो काढून टाक. निदान त्या एका दिवसापुरता. मी नेहमीसारखी फिरकी घेत नाही आहे, तामिए. बत्तीस वर्षं प्रेतसंस्कार करतो आहे. माणूस दाराशी येऊन उभा राहिलेला असला की त्याला ओढायचं नसतं, एवढं मला त्यातून कळलं आहे.

शोगेन

*

तोक्यो, २५ जुलै

दादा,

रिळं पाठवली आहेत. मिळाली की कळव. यंत्र चालवायला माझा मित्र कुराता तेराला सकाळी पोचेल. तो भरपूर जेवतो, वहिनीला सांग.

मी येत नाही. तुझ्या शब्दाखातर, त्यांच्या नव्हे. तीन वर्षांनी माझा सिनेमा माझ्या गावात लागतो आहे आणि मी तोक्योत पंख्यापुढे बसणार. बाप मुलीला घरात घेत नाही अशा गोष्टी ऐकल्या होत्या. सिनेमाला घेतो आणि मुलीला घेत नाही, हे नवीन.

फोटो काढला आहे. पण ती जागा मी सांधली नाही. फोटो जेवढा वेळ दिसला असता तेवढा वेळ चादर काळी राहील. लोकांना वाटेल यंत्र बिघडलं. वाटू दे.

तू माझ्यापासून काहीतरी लपवतो आहेस. आपल्या घराण्याचा धंदाच तो.

तामिए

*

ओगिसावा, १५ ऑगस्ट

तामिए,

आज ऋतूची विचारपूस करत नाही.

परवा ऊन फार होतं. विधी आटोपला. दालनाच्या उंबऱ्याशी प्रेतांसाठी मांडलेला चौरंग, त्यावरचा भात, पाणी, चिरलेली वांगी, सगळं तसंच ठेवून त्याच्या मागे चादर टांगली. हा चौरंग बुद्धाकडे पाठ करून, बाहेर तोंड करून मांडतात, कारण प्रेतं लाजाळू असतात, मूर्तीसमोर यायला धजत नाहीत. त्यामुळे चादर पाहणाऱ्या सगळ्यांना आधी तो भात दिसत होता. मी मुद्दाम केलं नव्हतं. पण हलवलंही नाही.

काळी गाडी आली आणि फाटकाबाहेर कर्णा सुरू झाला. त्सुयाको कापलेलं कलिंगड घेऊन गेली आणि त्या पोरांना म्हणाली, आत पितर जेवताहेत, जरा हळू. कर्णा बंद झाला. ती पोरंही कोणाच्या तरी घरची असणार, ओबोनला रागे भरणारी आजी त्यांनाही असणार. सिनेमाभर ती सावलीत उकिडवी बसून होती. कारासावा-सान निषेध नोंदवायला म्हणून आले आणि नीट दिसावं म्हणून पहिल्या रांगेत बसले.

आतोबा शेवटी आले. खांबाशी बसले, अंगात पांढरा सदरा, इस्त्री केलेला.

सिनेमाबद्दल मी नंतर कधीतरी लिहीन. आज तेवढंच सांगतो जे सांगायला हवं. उशियामा म्हणाला, ते नाही सांगणार, तो जिवंत आहे. आणि चादर काळी झाली. गवती पडदे सोडलेले होते, त्यामुळे अंधार पुरता होता. यंत्राची घरघर आणि बाहेर रातकिड्यांसारखे किरकिरणारे सिकाडा किडे. त्या अंधारात खांबाजवळून आवाज आला:

"मी बोलावलं."

बस्स, दोन शब्द. मोठ्याने नाही. पण त्या गळ्याला मोठ्याने बोलायची गरज नाही हे मला तेव्हा कळलं. मग चादर उजळली, टोफूचं दुकान परत आलं, उशियामा पाणी ओतत होता. एकाही माणसाने मागे वळून पाहिलं नाही. हे आमचं भित्रेपण होतं की सभ्यता, मला अजून ठरवता आलेलं नाही. कारासावांची मान तेवढी खाली गेली आणि शेवटपर्यंत वर आली नाही.

तू चिडून विचारशील, म्हणून सांगतो. जुलैत दारात उभं राहून त्यांनी विचारलं होतं, "उशियामा आवाजाबद्दल काही म्हणाला का?" मी म्हटलं होतं, चांगला होता म्हणाला. त्यांनी मान हलवली, जशी कोणी ओळखीच्या माणसाची खुशाली सांगितल्यावर हलवतात.

संध्याकाळी मी घरोघर निघालो. गल्लीत साली पेटल्या होत्या, पोरांचा गलका चालला होता, आजी या, पणजोबा या, हा उजेड आपल्या घरचा. आतोबांच्या दाराशी पोचलो तर ते उंबऱ्याबाहेर बसलेले, समोर सालीचा ढीग, हातात काड्यापेटी, शेजारी पाण्याची बादली. मोटरसायकल बंद करून मी त्यांच्याजवळ बसलो.

ते म्हणाले, "उजेड करून हाक मारली की माणसं येतात, शोगेन. तुम्ही सगळे सण म्हणून करता. मी येताना पाहिली आहेत."

म्हणून एवढी वर्षं ते दार अंधारात होतं. आत्यासाठी साल पेटवायची नव्हती असं नाही. पेटवली तर तिच्या मागून आणखी कोण वाट काढत येईल, याचं भय होतं. तू त्याला नकार समजलीस. मी अश्रद्धा समजलो. गावात भुतांवर खरी श्रद्धा असलेला माणूस तेवढा एकच होता.

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, आतोबा, आले ते, तर येऊ दे. त्यांना जेवू घाला. आजचा दिवसच त्याचा आहे.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तेच तर सांगितलं होतं मी त्यांना," ते म्हणाले.

मी बादली त्यांच्या हाताशी सरकवली.

मग त्यांनी साल पेटवली. भूर्ज कसं पेटतं ठाऊक आहे तुला, आधी काळा धूर आणि मग एकदम. त्यांनी तोंड उघडलं. मी वाट पाहिली. शेजारची पोरंही गप्प होऊन बघत राहिली, कारण हे दार पेटलेलं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. हाक आली नाही. साल जळून गेली, त्यांनी निखाऱ्यांवर पाणी ओतलं आणि आत गेले. मी आत जाऊन देव्हाऱ्यापुढे सूत्रं म्हटली. त्यांनी चार जास्तीच्या वाट्या मांडल्या होत्या.

त्यांच्याबद्दल मला कणव वाटावी की भीती, हे तू मला विचारू नकोस. मी तुलाही विचारणार नाही. निघताना त्यांनी तुझा फोन नंबर मागितला. इतकी वर्षं त्यांच्याकडे नव्हता, हे मला त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हतं.

शोगेन

*

तोक्यो, १८ ऑगस्ट

दादा,

तुझं पत्र आज आलं. त्याच्या आधी, सोळाला, पितरांना निरोप द्यायच्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला होता. म्हणजे फोन आला तेव्हा मला काहीच ठाऊक नव्हतं. हे लक्षात ठेवून पुढचं वाच.

मी फोन उचलला. पलीकडे कोणी बोलेना. श्वास ऐकू येत होता. मला वाटलं, त्या काळ्या गाडीवाल्यांपैकी कोणी असेल, हल्ली येतात तसले फोन. ठेवणार, तेवढ्यात तो आवाज म्हणाला, "तामिए."

मी ओळखला नाही. त्रेचाळीस वर्षांची बाई, आणि बापाच्या तोंडून आपलं नाव पहिल्यांदा ऐकते आहे.

ते म्हणाले, "ये. जेवायला ये. काही होणार नाही. यंत्र घेऊन ये."

एवढंच. मी हो म्हटलं की नाही तेही आठवत नाही. फोन ठेवून भानावर आले तेव्हा मी दाराशी उभी होते आणि माझ्या पायांत चपला होत्या. त्या कधी घातल्या, मला सांगता येत नाही.

मग, दादा, ते शब्द कुठे ऐकले आहेत ते आठवलं. तीन वर्षं मी ते कापते आहे, जोडते आहे, मागे नेऊन पुन्हा ऐकते आहे. उशियामाच्या कोरड्या घशातून ऐकले होते. ज्याचे होते त्याच्याकडून त्या सकाळी ऐकले. मी तशीच खाली बसले, चपलांसकट.

मुद्दाम म्हणाले असतील का तेच? की माणसाला बोलावायचे दुसरे शब्द त्यांच्याकडे उरलेच नाहीत? ते मी त्यांना कॅमेऱ्यापुढे विचारीन. परवाच्या गाडीने येते आहे. जाळाजवळ कोणी उभं केलं, हुकूम कोणाचा, किती वेळा हाक मारली, सगळं विचारणार आहे. सोडणार नाही. त्यांनाही ते ठाऊक आहे, म्हणून तर यंत्र आण म्हणाले. काळ्या चादरीच्या जागी काय येणार ते आता मला कळलं आहे. फोटो येणार नाही.

एक गोष्ट मात्र कॅमेऱ्यात सापडणार नाही, म्हणून तुला लिहून ठेवते. इतकी वर्षं मी विचार करत होते की ती माणसं बाहेर आलीच कशी. घरं जळताना पाहिली होती त्यांनी. बंदुका पाहिल्या होत्या. तरी पोरं कडेवर घेऊन उजेडात आली. मला ते समजत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मनात थोडा रागही होता त्यांच्या भोळेपणाचा.

आवाज खरंच चांगला आहे, दादा. मीही आले असते.

तामिए